मिस्तरी आणि यिर्मया

जगात जेवढ्या म्हणून इमारती उभ्या आहेत, त्या सगळ्या एक ना एक दिवस पडणार आहेत असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका गवंडी होता. धुळ्याहून पिंपळनेरकडे जाताना आमचं गाव लागतं. गावाचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही. गावात त्यांना सगळे मिस्तरी म्हणत. मुसलमान मोहल्ल्यातही मिस्तरी, पाटील गल्लीतही मिस्तरी. चाळीस वर्षांत त्यांनी गावातली निम्मी घरं बांधली आणि उरलेल्या निम्म्यांना नावं ठेवली. कोणाच्या घरात पाऊल टाकलं की पाण्याचा तांब्या पुढे येण्याआधी त्यांचं बोट भिंतीवर वाजायचं. टक, टक. मग मान तिरकी करून ते ऐकत राहायचे आणि शेवटी घरमालकाकडे असे काही बघायचे, की त्या बिचाऱ्याला आपण या घरात चार दिवसांचे पाहुणे आहोत असं वाटावं. हेडमास्तरांच्या वास्तुशांतीला भर पंगतीत त्यांनी आपलं ताट उचललं आणि दाराजवळ जाऊन बसले. मास्तर हात जोडून विचारायला गेले, काही चुकलं का? "चुकलं नही काही. घर झकास शे," मिस्तरी म्हणाले. "फक्त या जिन्याखाले कोनी झोपू नका." लग्नात वधूवरांवर अक्षता टाकण्याआधी ते मांडवाचे खांब हलवून पाहायचे. धुळ्याला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा पट्टी काढून डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, काय दिसतंय?" मिस्तरींनी वर पाहिलं आणि सांगितलं, "स्लॅबले ओल शे."

त्यांची भाषा ही एक वेगळीच मिसळ होती. घरात हिंदी, कामावर अहिराणी ('आहे'ला 'शे', 'माझा'ला 'मना', 'केलेलं'ला 'करेल'), आणि माझ्यासारख्या नोकरदाराशी बोलताना शाळेतल्यासारखी मराठी, पण चिडले की तिन्ही एकदम. मी गावातल्या वाचनालयाचा ग्रंथपाल. म्हणजे पुस्तकं देणारा, पुसणारा आणि खोली झाडणारा एकटा मीच. दुपारची नमाज झाली की मिस्तरी वाचनालयात यायचे आणि उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून बसायचे. बाकीच्या तीन भिंतींवर त्यांचा विश्वास नव्हता. उत्तरेची त्यांनी स्वतः बांधलेली होती. डोळ्यांत चुना जाऊन जाऊन एक डोळा कामातून गेलेला, दुसऱ्याला मोतीबिंदूनंतर मोठी अक्षरं तेवढी दिसायची, आणि शिक्षण उर्दू शाळेत तिसरीपर्यंत. तेव्हा वाचायचं मी आणि ऐकायचं त्यांनी, असं आमचं ठरून गेलं होतं. त्यांची अट एकच. "वाचा काही बी. पन गोड नको. गोड ऐकी ऐकी लोक बिघडी गेलात."

एका उन्हाळ्यात मिशनच्या दवाखान्यातल्या एक नर्सबाई निवृत्त होऊन गाव सोडून गेल्या आणि जाताना पुस्तकांची पेटी वाचनालयाला देऊन गेल्या. त्यात जुन्या धर्मग्रंथाचं एक जाडजूड मराठी भाषांतर होतं. मी सहज मधूनच उघडलं, तर समोर यिर्मया नावाचा एक यहुदी संदेष्टा उभा. मिस्तरी म्हणाले, "हां, यांचं नाव आमचे मौलाना घेतात. वाचा." आणि मी वाचायला लागलो. मला वाटलं होतं, दोन पानांत कंटाळतील. पुढे दोन महिने आम्ही दुसरं काही वाचलं नाही.

खरं सांगायचं तर मीही त्या माणसात अडकत गेलो. संदेष्टा म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे पांढरी दाढी आणि गडगडाटी आवाज यायचा. हा तसा नव्हताच. देवाने बोलावलं तेव्हा पहिलं काय केलं, तर सबब सांगितली: मी लहान आहे, मला बोलता येत नाही. पुढे आयुष्यभर शहरातल्या लोकांना सांगत राहिला की हे शहर पडणार आहे, शत्रू येणार आहे, सुधारा. बाकीचे पगारी संदेष्टे राजाला सांगत होते, सगळं क्षेमकुशल आहे. लोकांना अर्थातच ते आवडत होते. याला मारलं, लाकडी खोड्यात अडकवलं, त्याच्या स्वतःच्या गावच्या माणसांनी त्याला संपवायचा घाट घातला. आणि हा रडायचा. देवाशी भांडायचा, मला फसवलंस म्हणायचा, मी जन्मलो त्या दिवसाचं वाटोळं होवो म्हणायचा. ठरवायचा की आता एक शब्द बोलणार नाही, आणि मग तो शब्द हाडांत आग लागल्यासारखा आत जाळायला लागला की पुन्हा चौकात जाऊन उभा राहायचा. धैर्य म्हणजे न भिणं, असं मी समजत होतो. हा तर पानापानावर भ्यालेला होता.

मिस्तरींना या सगळ्यात रस होता, पण त्यांचा रस्ता वेगळा. सरदारांनी यिर्मयाला दोर लावून हौदात सोडलं, हौदात पाणी नव्हतं, चिखल होता आणि तो चिखलात रुतला, असं मी वाचलं. मिस्तरींनी हात वर केला. "थांबा. पानी नही, चिखल?"

"चिखल."

"म्हनजे तळ गळत व्हता. गिलावा कोनी करेल व्हता, लिखेल शे का?"

नाही म्हटल्यावर ते जरा नाराज झाले. पण पुढे राजवाड्यातला एक परदेशी नोकर येतो, यिर्मयाला वर काढायला दोर सोडतो, आणि दोर काचू नये म्हणून आधी जुन्या चिंध्या खाली टाकतो, काखेत धर म्हणतो; तिथे मिस्तरी ताठ बसले. "हा मानूस काम करेल शे," ते म्हणाले. "विहिरीत उतरेल मानूसच चिंधीचा विचार करी." आणि कितीतरी वेळ स्वतःच्या काखेकडे हात नेऊन बसून राहिले.

मग एके दिवशी ते पान आलं. यिर्मया सांगतो, त्याचा लेखनिक सगळं गुंडाळीवर लिहून काढतो. गुंडाळी राजापुढे वाचली जाते. हिवाळ्याचे दिवस, राजापुढे शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा तुकडा चाकूने कापतो आणि शेगडीत टाकतो. असं करत सगळी गुंडाळी जळते. आणि यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो, लेखनिकाला बसवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो.

"पुन्हा?" मिस्तरींनी विचारलं.

"पुन्हा. आणि पहिल्यापेक्षा जास्त."

मिस्तरी उठून गेले. दुसऱ्या दिवशी आले ते बसलेच नाहीत. दारातूनच म्हणाले, "भाऊ, एक अर्ज लिखना शे. टाकीचा."

आमच्या बसस्टँडमागे पाण्याची उंच टाकी होती. सहा खांबांवर उभी. तिच्या सावलीत दर गुरुवारी बाजार भरायचा, आणि रोज एक चहाची टपरी असायची. मिस्तरी त्या टाकीला नावं ठेवतात हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण ते कशाला ठेवत नव्हते? त्या दुपारी मात्र त्यांनी मला जे सांगितलं ते पूर्वी कोणाला सांगितलेलं नव्हतं. टाकी बांधली तेव्हा ते तिशीचे होते आणि त्याच कामावर होते. नाल्याची मातकट वाळू, सिमेंट निम्मं. साच्याच्या फळ्या काढल्या तर दोन खांब मधमाश्यांच्या पोळ्यासारखे निघाले, आतल्या सळया बाहेरून दिसत होत्या. ठेकेदार म्हणाला, साहेब यायच्या आत गिलावा मारून घे. "मी मारा," मिस्तरी म्हणाले. "मस्त मारा. मना हात चांगला व्हता. साहेबनी पाठ थोपटी." ठेकेदार कधीच मेला होता. साहेब कोण होता ते कोणालाच आठवत नव्हतं. उरले होते ते मिस्तरी आणि दोन खांब. तेव्हा मला कळलं, हा माणूस गावातल्या सगळ्या भिंती का वाजवत फिरत होता. एका जागेवर बोट ठेवायचं धैर्य होत नव्हतं म्हणून तो सगळीकडे ठेवत होता.

मी अर्ज लिहिला. माझ्या चांगल्या अक्षरात, खाली मिस्तरींचा अंगठा आणि शेजारी त्यांची वेडीवाकडी सही. ग्रामपंचायतीने तो घेतला, तालुक्याहून कोणीतरी येऊन टाकीकडे खालून पाहून गेलं, आणि आठ दिवसांत टाकीला नवा निळा रंग लागला. पुढे ग्रामसभेत मिस्तरी उभे राहिले आणि भर सभेत म्हणाले, "रंगानं काय व्हई? ते दोन खांब मी भरेल शेत. मी खोटं काम करेल शे. टाकी खाली करा." सभेत आधी हशा झाला, मग आरडाओरड. कोणी म्हणालं, म्हातारा फिरला. कोणी म्हणालं, याला गावाचं पाणी तोडायचं आहे, आणि ते 'याला' कसं म्हटलं गेलं ते तिथल्या प्रत्येकाला समजलं. मोहल्ल्यातले वडीलधारे वेगळ्या कारणाने चिडले. त्यांच्या निम्म्या लोकांची बांगड्यांची, कपड्यांची दुकानं टाकीखालीच लागायची. मिस्तरींच्या मुलाला, तोही गवंडीच, गावात काम मिळेनासं झालं. आपल्या बापानेच आपल्या हाताला बट्टा लावला म्हणून तो जळगावला निघून गेला आणि पाइपच्या कारखान्यात लागला. पोलीस पाटलांनी मिस्तरींना बोलावून अफवा पसरवू नका अशी समज दिली. अर्जाचं विचारायला गेले तर कारकून म्हणाला, असा अर्ज आलेलाच नाही.

मिस्तरी माझ्याकडे आले. चेहऱ्यावर चक्क उत्साह होता. "भाऊ, त्याच्यासारखं करू. पुन्हा लिखू. पहिल्यापेक्षा जास्त."

वाचनालयाची खोली ग्रामपंचायतीची होती. आदल्याच आठवड्यात सरपंच मला रस्त्यात भेटून हसत म्हणाले होते, "तुमचं अक्षर फार सुंदर आहे हो." मी टेबलावरची पुस्तकं सारखी करत म्हणालो, "मिस्तरी, आता राहू द्या. तुम्ही सांगितलं, तुमचं काम झालं."

त्यांनी मान हलवली. "बरोबर शे," म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि तेच मला अजून सोसत नाही. ते गेले. त्यानंतर वाचनालयात आले नाहीत.

त्यांनी कागद सोडला आणि चुना घेतला. एका गुरुवारी सकाळी लोक येऊन बघतात तर टाकीभोवती चुन्याची मोठी गोल रेघ. टाकी पडली तर कुठपर्यंत पडेल, त्याचा हिशेब करून मिस्तरींनी ती ओढली होती, आणि रेघेच्या बाहेर गोणपाट टाकून स्वतः बसले होते. आत बसणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला ते नावानिशी हाक मारायचे. वांगी घेणाऱ्या बायकांना सांगायचे, "बाई, वांगी चांगली शेत, पन जागा खराब शे." पाऊस रेघ धुवून टाकायचा, ते पुन्हा ओढायचे. दुकानदारांनी शिव्या दिल्या, एकाने त्यांच्या चुन्याच्या बादलीत पाणी ओतलं. पण शहाण्यापेक्षा चिवट माणसाचा लोकांना लवकर कंटाळा येतो. त्याची कटकट नको, गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून एकेक जण रेघेबाहेर सरकू लागला. वर्षभरात निम्म्याहून जास्त बाजार कोणालाही न पटता बाहेर आला होता.

सरकली नाही ती चहावाली अक्का. गावात तिच्याइतकं मिस्तरींशी चांगलं वागणारं दुसरं कोणी नव्हतं. "मी कुठे जाऊ मिस्तरी?" ती म्हणायची. "इथे नळ शे, सावली शे. मरायचं तं चहा करता करता मरू." मिस्तरी रेघेच्या आत जाऊन तिचा चहा पीत नसत, आणि ती रेघेबाहेर टपरी हलवत नसे. मग रोज दोन वेळा अक्का ग्लास घेऊन रेघेपर्यंत यायची, मिस्तरी पलीकडून हात लांब करायचे, आणि दोघं रेघेच्या दोन बाजूंना उभं राहून पाच मिनिटं भांडायची. बसस्टँडवरची माणसं हे बघून हसायची. मीही हसलो आहे, लांबून.

टाकी पडली ती गुरुवारीच, सकाळी, बाजार लागत असताना. मी वाचनालयाचं कुलूप काढत होतो. आवाज स्फोटासारखा नव्हता. काहीतरी खूप जड खाली बसल्यासारखा होता, आणि मागोमाग पाण्याचा. मी पोचलो तेव्हा गुडघाभर चिखलात निळ्या रंगाचे तुकडे होते. अकरा जण जखमी झाले. रेघेबाहेर जे बसले होते त्यांची दुकानं वाहून गेली, माणसं राहिली. अक्का गेली. मिस्तरी तिथेच होते. हातांनी ढिगारा उपसत होते, आणि एकच वाक्य म्हणत होते, "सरक म्हटलं व्हतं, सरक म्हटलं व्हतं." कोणीतरी त्यांना काखेत हात घालून उचललं तेव्हा त्यांची नखं राहिली नव्हती.

मग गावाने जे केलं ते गावं करतात. मिस्तरींना आधीच कळलं होतं म्हणे, त्यांच्यावर कसली तरी कृपा आहे म्हणे. लोक त्यांच्या पाया पडू लागले, घर बांधायच्या आधी जागा दाखवायला नेऊ लागले. पंचायतीने शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरवलं, कारण त्यांच्यामुळे बाजारातली माणसं वाचली. निरोप घेऊन गेलेल्या माणसावर मिस्तरी धावून गेले. "सत्कार कसाले? मना खांब पडना!" त्याच दिवशी ते बसने साक्रीला गेले, पोलीस ठाण्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, मला धरा. तिथल्या साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि परत पाठवलं. चौकशी झाली. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने विचारलं की पूर्वी कोणी लेखी कळवलं होतं का, तेव्हा मी उठून सांगितलं, अर्ज माझ्या हातचा आहे; आणि दुसरा लिहायला मी नाही म्हटलं, तेही सांगितलं. त्यांनी दुसरं वाक्य लिहून घेतलं नाही.

महिन्याभराने मिस्तरी वाचनालयात आले. भिंतीला न टेकता बसले. "त्या मानसाचं राहिलं व्हतं ना? शहर पडल्यावर काय?"

मी वाचलं. शहर पडलं, जळलं. जिंकणाऱ्या सेनापतीने यिर्मयाच्या बेड्या काढल्या; आमच्याकडे चल, तुला सांभाळू म्हणाला. तो गेला नाही. ज्यांनी त्याचं कधी ऐकलं नव्हतं, त्यांच्यातल्या उरल्यासुरल्या गरीब लोकांत जाऊन राहिला.

"आपलं खरं झालं म्हनून त्याले बरं वाटलं का?"

"नाही वाटलं, मिस्तरी."

"हां," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा थोडा सैल झाला.

अक्काच्या मुलीने बसस्टँडच्या दुसऱ्या अंगाला टपरी टाकली तेव्हा मिस्तरी थापी आणि ओळंबा घेऊन तिच्यापुढे उभे राहिले. ओटा बांधून देतो म्हणाले. ती म्हणाली, "तुमच्या हातचं काम माझ्या आईनं पाहिलंय." ते हटले नाहीत. तीन दिवस सकाळी यायचे, उभे राहायचे, संध्याकाळी जायचे. चौथ्या दिवशी तिने ओट्यासाठी आणलेल्या विटांवर, बांधकामाआधी मारतात तसं, पाणी मारलं. एका दिवसाचं काम. त्यांनी तीन आठवडे घेतले. प्रत्येक विटेला तिला हात लावायला सांगायचे, वाजवून ऐकायला सांगायचे. काम झाल्यावर मुलगा येऊन त्यांना जळगावला घेऊन गेला.

मागच्या थंडीत ते वारल्याचा मुलाचा फोन आला. मी बसस्टँडवर गेलो तर अक्काची मुलगी टपरी बंद करून, डबा घेऊन उभी. आम्ही एकाच बसने निघालो. धुळ्याला जळगावची बस धरली. पारोळा मागे पडल्यावर तिने विचारलं, "सर, तुम्ही त्यांना काय वाचून दाखवायचे?" मी तिला यिर्मयाची सगळी गोष्ट सांगितली. सांगता सांगता तेही सांगून टाकलं, की दुसरा अर्ज लिहायला मी नाही म्हणालो होतो.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "ओटा बांधताना म्हणाले होते. मी तुम्हाला बोल लावायला लागले, तर मलाच रागावले. म्हणाले, त्याला भ्यायचा हक्क आहे, त्यानं खांब भरला नव्हता."

बाहेर रस्त्याकडेला कापूस भरलेल्या ट्रॉल्या उभ्या होत्या.

"मग पुढे काय झालं यिर्मयाचं?" तिने विचारलं.

"त्याला लोक मिसर देशात ओढून घेऊन गेले. तिथे तो कधी मेला, कसा मेला, ते लिहिलेलं नाही."

"नाहीच?"

"नाहीच."

तिने डबा उघडला, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मोडली, त्यावर मिरचीचा ठेचा ठेवला आणि अर्धी माझ्या हातावर दिली. "खाऊन घ्या, सर," म्हणाली. "तिथे आज चूल पेटलेली नसेल."